कॉमन ॲपचा मिड-इयर रिपोर्ट : सेवा चांगली, पण आपल्या कनिष्ठ महाविद्यालयांची सवय नसलेली

अमेरिकेतल्या विद्यापीठांना रेग्युलर डिसिजनचा, म्हणजे नेहमीच्या प्रवेशफेरीचा, अर्ज जानेवारीच्या सुरुवातीला गेला, की मुलं सुटकेचा नि:श्वास टाकतात आणि बोर्डाच्या अभ्यासाला लागतात. पण बऱ्याच विद्यापीठांना बारावीच्या पहिल्या सत्राचे गुणही हवे असतात, साधारण फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. त्यासाठी कॉमन ॲपवर, म्हणजे एकाच अर्जानं अनेक विद्यापीठांकडे अर्ज करण्याच्या ऑनलाइन सेवेवर, ‘मिड-इयर रिपोर्ट’ हा फॉर्म आहे. आमच्या मते पाचपैकी साडेतीन गुण. का, ते सांगतो.

जमेची बाजू मोठी आहे. वेगळं शुल्क नाही, आणि गुणपत्रक एकदा चढवलं की ज्या ज्या विद्यापीठाला ते हवं आहे तिथं आपोआप पोचतं. कुणाला हवं, कुणाला नको, हे प्रत्येक विद्यापीठाच्या आवश्यकतांच्या यादीत दिलेलं असतं. ते डिसेंबरातच पाहून ठेवा.

उणी बाजू अशी, की हा फॉर्म विद्यार्थ्याला भरताच येत नाही. तो शाळेचा काउन्सेलर स्वतःच्या खात्यातून भरतो, आणि तेही त्यानं आधी ‘स्कूल रिपोर्ट’ (मूळ अर्जासाठी शाळेनं भरायचा फॉर्म) दिलेला असेल तरच. विद्यार्थ्याला फक्त फॉर्म गेला की नाही एवढं दिसतं. आपल्याकडे बहुतेक कनिष्ठ महाविद्यालयांत काउन्सेलर हे पदच नसतं, म्हणून उपप्राचार्य किंवा वर्गशिक्षकांचं नाव दिलं जातं. अडचण नेमकी इथं येते. जानेवारीच्या शेवटी बारावीची प्रात्यक्षिकं सुरू होतात, सर बाहेर परीक्षक म्हणून जातात, आणि लॉगिन त्यांच्याकडेच असतं. त्यामुळे जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यातच काम उरकून घ्यावं. कॉमन ॲपकडून त्यांना येणारा निमंत्रणाचा ईमेल स्पॅममध्ये गेला नाही ना, हे त्यांच्यासमोर बसून बघा. त्यात संकोच नको.

आता मुख्य मुद्दा : जोडायचं काय? एचएससीच्या विद्यार्थ्यानं प्रथम सत्र परीक्षेचे गुण द्यावेत आणि पूर्वपरीक्षेचे पेपर तपासून झाले असतील तर तेही. सीबीएसईवाल्यांनी सहामाही आणि प्री-बोर्ड. महाविद्यालयाच्या लेटरहेडवर, सही-शिक्का करून, एकच पीडीएफ.

सर्वांत महागात पडणारी चूक त्या कागदावरच असते. पूर्वपरीक्षेत भौतिकशास्त्राचा लेखी पेपर ७० गुणांचा, कारण उरलेले ३० प्रात्यक्षिकाचे; गणिताचा मात्र ८०चा. गुणपत्रकावर नुसतं ‘भौतिकशास्त्र ५४’ लिहिलं, तर तिकडचा वाचणारा ते शंभरपैकी समजू शकतो. ५४/७० म्हणजे ७७ टक्के, आणि हा फरक प्रवेशाचा निकाल फिरवू शकेल इतका मोठा आहे. प्रत्येक विषयापुढे ‘पैकी’चा रकाना हवाच. गुणांचं चारच्या जीपीएत, म्हणजे चारपैकी मोजायच्या अमेरिकी सरासरीत, रूपांतर करू नका. जसे आहेत तसेच पाठवा. आणि पूर्वपरीक्षेत कडक तपासणी होते, बोर्डात त्याच मुलांचे गुण वाढतात, ही गोष्ट महाविद्यालयानं स्कूल प्रोफाइलमध्ये, म्हणजे स्वतःची ओळख करून देणाऱ्या पत्रकात, दोन ओळींत लिहावी. शक्य असेल तर वर्गातले सर्वोच्च गुणही द्यावेत. संदर्भ नसलेला आकडा मुलावर अन्याय करतो.

गुण खरंच घसरले असतील तर लपवू नका. आजारपण किंवा घरची अडचण असेल, तर विद्यार्थ्यानं विद्यापीठाच्या पोर्टलवर चार-पाच ओळींचा खुलासा टाकावा. काउन्सेलरनंही तेच कारण लिहिलं तर त्याला वजन येतं.

सगळीकडे हा फॉर्म चालत नाही, हेही ध्यानात ठेवा. एमआयटी कॉमन ॲपवर नाही. तिथं फेब्रुवारीचा स्वतंत्र अपडेट फॉर्म विद्यार्थी स्वतः भरतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाचाही अर्ज वेगळा, त्यात मिड-इयर रिपोर्ट नाहीच.

फॉर्म गेल्यावर विद्यापीठाच्या पोर्टलवर त्याची नोंद व्हायला आठवडा-दोन आठवडे लागू शकतात. तोवर ‘मिळालं नाही’ दिसलं तर घाबरायचं कारण नाही. त्यानंतरही तसंच दिसत असेल, तर कॉमन ॲपवरची पाठवल्याची तारीख टिपून घ्या आणि महाविद्यालयाच्या अधिकृत ईमेलवरून तीच पीडीएफ प्रवेश कार्यालयाला पाठवायला सांगा. विषयाच्या ओळीत विद्यार्थ्याचं नाव पासपोर्टवर आहे तसं आणि जन्मतारीख असावी. आपल्याकडच्या कागदांवर आडनाव आधी येतं, आणि तेवढ्यावरूनही कागद भलत्याच फायलीत जाऊ शकतो.