लेकरासाठी पॉटी आणावी, की सरळ संडासातल्या उकिडवं बसायच्या सीटवर बसवावं?

दोन-अडीच वर्षांचं लेकरू, चड्डीत बिनधास्त करतं आणि संडासच्या दाराशी नेलं की पाय ताठ करतं. मग कोणीतरी सुचवतंच, तालुक्याहून प्लास्टिकची पॉटी आणा. पॉटी वाईट नाही. घरात कुठेही ठेवता येते, पाय जमिनीला टेकतात, खाली भोक दिसत नाही. आईबाप वावरात आणि लेकरू गुडघे धरलेल्या आजीजवळ असेल, तर कदाचित तीच बरी.

कटकट आहे ती धुण्याची. बैठक आणि आतलं भांडं जुळतं त्या खाचेत शी अडकते अन् वाळते. जुना ब्रश, साबण आणि पाव बादली पाणी लागतं, तेही दर वेळी. मे महिन्यात नळ चौथ्या दिवशी येत असेल तर हे काम जिवावर येतं. मग घाईत कोणीतरी ती हापशीजवळ विसळून आणतं. लेकराच्या शीतही मोठ्यांसारखेच रोगजंतू असतात, त्यामुळे शी आणि धुतलेलं पाणी, दोन्ही संडासातच गेलं पाहिजे. एवढं करून पुढे सीटची सवय वेगळी लावायचीच असते. दोन्ही करून पाहिल्यावर माझा कल सीटकडे गेला तो या खाचेमुळे.

सीटवर लेकरू घाबरतं, कारण मोठ्यांच्या पाय ठेवायच्या जागेवर त्याचे पाय फार फाकतात आणि तोल जातो. म्हणून सीट जिथे अरुंद होते तिथे बसवा. दोन्ही पायांखाली गोणपाटाचा तुकडा, टाचा पूर्ण टेकलेल्या. आपण समोर पाटावर बसून त्याचे हात धरायचे. दार उघडं ठेवा. पहिले दोन-तीन दिवस चड्डीसकट बसलं तरी चालेल. बसवण्याआधी सीटमध्ये अर्धा तांब्या पाणी टाकलं की शी चिकटत नाही. नंतरचं पाणी मात्र लेकरू बाहेर आल्यावर ओता, त्या आवाजाला पुष्कळ लेकरं भितात; भीती गेली की छोटा लोटा त्याच्याच हाती द्या. खेड्यातली जास्त उताराची सीट दीड-दोन लिटरात साफ होते. आत नेण्याआधी कोपऱ्यात विंचू नाही ना, तेवढं बॅटरीने पाहा.

वेळ जेवणानंतर 15-20 मिनिटांनी, तेव्हा आतडं आपोआप हलतं. पाच मिनिटांत झालं नाही तर उठवा. उन्हाळ्यात दुपारी टिनाखाली नेऊ नका, सकाळचीच वेळ धरा.

शी कडक असेल तर पॉटी काय अन् सीट काय, दोन्ही हरतात. एकदा दुखलं की लेकरू रोखून धरतं, रोखलेली शी आणखी कडक होते, पुढच्या वेळी आणखी दुखतं. अशा वेळी शिकवणं आठ-पंधरा दिवस थांबवा. पाणी, पपई, वरणात कुस्करलेली जवारीची भाकर वाढवा. रक्त दिसलं किंवा तीन-चार दिवस झालीच नाही आणि पोट दुखतंय, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा.

तरीही पॉटीच घ्यायची असेल तर एकसंध, बिनखाचेची बघा. वापरण्याआधी तळाशी बोटभर पाणी घाला आणि तीन-चार दिवसांनी थोडी थोडी संडासकडे सरकवत, शेवटी सीटच्या शेजारी नेऊन ठेवा.