हातपंपाचा रेडिएटर प्रेशर टेस्टर: उन्हाळा, पावसाळा, थंडी वापरून झाल्यावर

पाणी रोज कमी होतंय, पण गाडीखाली थेंब दिसत नाही. दहा-पंधरा वर्षं जुन्या गाड्यांची ही खान्देशातली नेहमीची तक्रार. 'गाडी पानी पी ऱ्हायनी भो' म्हणत गाडी गॅरेजला येते, आणि मग अंदाजाने आधी होज (पाण्याची जाड रबरी नळी), मग वॉटर पंप, मग रेडिएटर बदलला जातो. या अंदाजपंचे खर्चाला आळा घालणारं अवजार म्हणून हातपंपाचा प्रेशर टेस्टर घेतला होता. बोलेरो, सुमो, मारुती व्हॅन अशा जुन्या गाड्यांवर तिन्ही ऋतूंत वापरून झाल्यावर मत असं: किट घेण्यासारखं आहे, पण ते वापरायची पद्धत चुकली तर ते सरळ खोटं बोलतं.

आधी ते काय करतं ते. चालू गाडीत कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, दाबाखाली असतं. बारीक फटीतून पाणी बाहेर येतं ते तेव्हाच, आणि इंजिनच्या तापलेल्या ब्लॉकवर पडलं की वाफ होऊन जातं. गाडी थांबली, दाब उतरला, की फट मिटते. टेस्टर हाच दाब थंड इंजिनवर हाताने देतो, त्यामुळे पाणी वाफ न होता टपकतं आणि हात न भाजता शोधता येतं. किटमध्ये दाब दाखवणारं काट्याचं घड्याळ लावलेला पंप, दाब सोडायचा छोटा व्हॉल्व्ह, वेगवेगळ्या मापांचे अॅडॅप्टर आणि झाकण तपासायचा जोड असतो. अॅडॅप्टरची संख्या पाहून भुलू नका. आपल्या गाडीच्या रेडिएटरच्या गळ्याला किंवा प्लास्टिक टाकीच्या आट्यांना बसणारा त्यात आहे का, एवढंच दुकानात गाडी नेऊन बघा.

पहिली तपासणी गाडीची नाही, झाकणाची. झाकणावर 0.9 किंवा 1.1 असा दाबाचा आकडा (बारमध्ये) असतो, काहींवर तोच 88 किंवा 108 केपीए असा. 0.9 बारच्या झाकणाखाली साधं पाणी साधारण 118-119 अंशांना उकळतं. स्प्रिंग मेली आणि झाकण 0.3 बारलाच सोडू लागलं, तर तेच पाणी 107 अंशांना उकळतं. मे महिन्यात भुसावळला पारा 45 च्या वर असताना, केळी भरलेली गाडी एसी लावून फाटकावर उभी राहिली की हा फरक पुरेसा होतो. पाणी रेडिएटरशेजारच्या जादा पाण्याच्या बाटलीत उसळतं, नळीने बाहेर पडतं, आणि मालकाला वाटतं रेडिएटर फुटला. झाकण अॅडॅप्टरवर चढवून पंप मारा. काटा लिहिलेल्या आकड्याजवळ थांबला पाहिजे आणि एक मिनिट तरी तिथेच राहिला पाहिजे. थोडा वर सोडला तर चालतं, निम्म्यावर सोडला तर झाकण फेका. 0.9 च्या जागी 1.1 लावून 'मजबुती' करू नका; जुन्या रेडिएटरच्या जोडाला ते महागात पडतं.

झाकणाला दुसरा, उलटा व्हॉल्व्हही असतो. इंजिन गार होताना बाटलीतलं पाणी परत ओढून घेणं त्याचं काम. तो चिकटला की सकाळी वरचा होज आत दबलेला दिसतो. आणि बाटली भरलेली, पण रेडिएटर रिकामा असेल, तर आधी बाटलीची बारीक रबरी नळी बघा. ती तडकली असेल तर पाण्याऐवजी हवा ओढली जाते. पाच मिनिटांचं काम आहे हे, आणि जवळपास कोणी बघत नाही.

आता गाडी. इंजिन पूर्ण गार पाहिजे, शक्यतो सकाळी. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. वरचा होज दाबून मऊ लागला तरच हात लावा. पाणी गळ्यापर्यंत भरा. आत हवेची पोकळी राहिली तर हवा दबून राहते आणि बारीक गळतीला काटा खूप उशिरा उतरतो. पूर्ण भरलेल्या सिस्टिममध्ये चमचाभर पाणी गेलं तरी काटा हलतो. मग झाकणावरच्या आकड्यापर्यंतच पंप मारा आणि पंधरा-वीस मिनिटं सोडा.

गाडी सावलीत हवी. खान्देशात हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण गॅरेजचं अंगण उघडंच असतं. उन्हात बोनेट आणि रेडिएटर तापले की आतलं पाणी फुगतं, काटा वर चढतो आणि बारीक गळती झाकली जाते. 'काटा जागचा हलला नाही, म्हणजे गाडी ठीक' असा निकाल एप्रिल-मेमध्ये उन्हात दिलेला असेल तर तो मानू नका.

काटा उतरतो पण पाणी दिसत नाही, तेव्हा या क्रमाने बघा. रेडिएटरची प्लास्टिकची टाकी आणि अॅल्युमिनियमची जाळी जिथे पट्टीने दाबून जोडलेली असते तो जोड, विशेषतः कोपरे. होजची टोकं. थर्मोस्टॅटच्या (पाणी तापल्यावर रेडिएटरकडची वाट उघडणाऱ्या झडपेच्या) घराचं गॅस्केट. वॉटर पंपाच्या खालचं छोटं भोक: सील गेलं की पाणी तिथून बाहेर यावं म्हणूनच ते ठेवलेलं असतं, ते लांबी भरून बुजवणं म्हणजे पाणी बेअरिंगमध्ये सोडणं. मग ब्लॉकवरचे गोल वेल्च प्लग, म्हणजे ब्लॉकची भोकं बंद करणाऱ्या पत्र्याच्या चकत्या. सायलेन्सरच्या मॅनिफोल्डमागचे आरशाशिवाय दिसत नाहीत. शेवटी गाडीच्या आतला हीटर. पायाजवळची चटई ओली, गोडसर वास, काचेवर आतून तेलकट धुकं, म्हणजे हीटरची जाळी. उन्हाळ्यात गाडीखाली पडणारं स्वच्छ, बिनवासाचं पाणी बहुधा एसीचं असतं. पांढऱ्या कागदावर थेंब घ्या: कूलंट बोटाला बुळबुळीत लागतं आणि रंग सोडतं. चाखून बघायचं नाही, इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे.

कुठेच ओल नाही आणि तरी काटा उतरतोय, तर पाणी आत चाललंय. टेस्टर लावलेलाच ठेवून गार इंजिन चालू करा. पाणी तापण्याआधीच, पहिल्या मिनिटात, काटा झपाट्याने चढू लागला किंवा ठोक्यागणिक थरथरू लागला तर सिलिंडरची हवा कूलंटमध्ये येते आहे: हेड गॅस्केट किंवा हेडला तडा. लगेच इंजिन बंद करून दाब सोडा. खात्रीसाठी निळ्या द्रावणाची चाचणी असते, जळालेला वायू लागला की ते पिवळट किंवा हिरवट होतं. तेलाची कांडी दुधाळ असेल तर तेवढ्यानेही कळतं, पण कांडी स्वच्छ आहे म्हणून गॅस्केट ठीक असं समजू नका.

टेस्टरची खरी मर्यादा पावसाळ्यानंतर दिसते. काही गळती फक्त थंडीत होते. डिसेंबरच्या पहाटे रबर आणि धातू आक्रसतात, जुनी जुबली क्लिप (होज आवळणारी स्क्रूची पट्टी) ढिली पडते, थेंब पडतो. दुपारी सगळं कोरडं. काही गळती फक्त चढावर होते, कन्नड घाट किंवा बिजासन घाट चढताना, इंजिन तापून हेड किंचित फुगल्यावर. म्हणून एक तपासणी पहाटे आणि एक इंजिन फिरवून कोमट झाल्यावर, अशा दोन कराव्या लागतात. एकाच तपासणीवर भाग मागवणं टाळा.

दुरुस्तीत काय टिकलं? होज नवा घालताना जुना पिळून ओढू नका, होज ज्यावर चढतो तो प्लास्टिकचा नळा तुटतो. ब्लेडने लांबीत चिरून काढा. नळ्यावरची पांढरी साय बारीक पॉलिश पेपरने घासा. क्लिप नळ्याच्या उंचवट्यामागे, होजच्या टोकापासून तीन-चार मिलिमीटर आत बसली पाहिजे. होजखाली गॅस्केट पेस्ट लावू नका, ती निसरडी होऊन होज सुटतो. प्लास्टिकच्या नळ्यावर स्प्रिंगची क्लिप जुबलीपेक्षा चांगली, कारण गरम-थंड होताना ती स्वतः पकड धरून ठेवते. पितळी-तांब्याचा जुना रेडिएटर सोल्डर होतो आणि चांगला चालतो. प्लास्टिक टाकीच्या तड्यावर एम-सीलसारखी इपॉक्सी फक्त घरी पोचण्यापुरती.

गळती बुजवायला रेडिएटरमध्ये टाकतात ती हळद आणि लीक-स्टॉप पावडर एकाच रांगेतले. सावद्याहून जळगाव गाठायला हळदीची पूड उपयोगी पडते, नाही म्हणत नाही. पण ती फट आणि हीटरच्या बारीक नळ्या यात फरक करत नाही. टाकली असेल तर नंतर सगळं धुवून काढावं लागतं.

उन्हाळ्यात थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला इथे सर्रास मिळतो. ज्या इंजिनात थर्मोस्टॅटच बायपासचं (रेडिएटर टाळून जाणाऱ्या वाटेचं) तोंड बंद करतो, तिथे तो काढला की गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरला न जाता इंजिनातच फिरत राहतो. बाकी इंजिनं जास्त गार चालतात आणि डिझेल जास्त खातात. तपासायचा असेल तर पातेल्यात दोरीने लटकवा, थर्मामीटर ठेवा: 82 लिहिलेला साधारण 82 ला उघडायला लागला पाहिजे. बसवताना छोटी हलती पिन वरच्या बाजूला.

बोअरचं पाणी हे या सगळ्याचं मूळ. आपल्याकडचं क्षाराचं पाणी रेडिएटरमध्ये थर धरतं आणि ब्लॉकला आतून गंज आणतं. वेल्च प्लग त्यातूनच सडतात. थर धुतल्यावर कधी नवीन गळती उघडते, कारण ती फट क्षारानेच बुजलेली असते. म्हणून धुणं आधी, दाबाची तपासणी नंतर पुन्हा एकदा. भरताना डिस्टिल्ड वॉटरच घ्या. हिशेबही नीट करा: सिस्टिम आठ लिटरची असेल आणि धुतल्यावर पाचच लिटर निघालं, तर तीन लिटर साधं पाणी ब्लॉकमध्ये आहे. निम्मं-निम्मं हवं तर आधी चार लिटर कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट), मग जागा उरेल तेवढं डिस्टिल्ड. म्हणूनच धुण्याचं शेवटचं पाणीही डिस्टिल्ड असावं. आधीच पाणी मिसळलेलं रेडी-मिक्स कूलंट या हिशेबात बसत नाही, ते पातळच होतं. रंगावरून कूलंटची जात ठरत नाही. दोन वेगळ्या प्रकारची मिसळून चिखल होऊ शकतो. भरल्यावर हीटर पूर्ण गरमवर, गाडीचं नाक चढावर, झाकण उघडं, आणि थर्मोस्टॅट उघडून बुडबुडे थांबेपर्यंत इंजिन चालू.

किटबद्दल तक्रारी दोनच. अॅडॅप्टरच्या रबरी रिंगा उन्हाळ्यात कडक होतात आणि मग टेस्टर स्वतःच गळतो; म्हणून दर वेळी आधी चांगलं झाकण चढवून नुसत्या पंपाचा दाब टिकतो का ते बघा. रिंगांवर सिलिकॉन ग्रीस लावा, साधं ग्रीस रबर फुगवतं. दुसरं, पंप आणि नळीचा झटपट जोड हलका आहे, धूळ बसली की फुसफुसतो. पेटी गाडीच्या डिकीत ठेवू नका. दोन-तीन गाड्यांच्या घराला किंवा छोट्या गॅरेजला हे किट घेणं परवडतं. एकच गाडी असेल तर ज्याच्याकडे हे आहे असा मेकॅनिक शोधा, आणि काटा उतरताना स्वतः उभं राहून बघा.