मसाई मारा की फुकेट? तब्येत आणि सुरक्षेच्या बाजूने पाहिलं तर

परदेशी सहलीचा विषय निघाला की आपल्याकडे आधी खर्चाचा हिशोब होतो. कोणी मला केनियातलं मसाई मारा अभयारण्य की थायलंडचं फुकेट बेट असं विचारलं, तर मी आधी दोन गोष्टी विचारते. निघायला किती दिवस आहेत आणि सोबत कोण कोण आहे? आम्ही दोन्हीकडे आई-बाबांना घेऊन जाऊन आलो. त्यातून एक फरक पक्का कळला. केनियाची बरीचशी काळजी घरून निघण्याआधीच घेऊन टाकता येते. थायलंडची काळजी मात्र तिथे पोचल्यावर रोज घ्यावी लागते.

केनियाची तयारी सुरू होते पिवळ्या तापाच्या (डासांमुळे पसरणाऱ्या एका आजाराच्या) लसीपासून. ही लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते. मुंबईत विमानतळ आणि बंदर आरोग्य कार्यालयांत ती मिळते, पण वेळ आधी ठरवून जावं लागतं. पुष्कळांना वाटतं, भारतातून थेट केनियाला जाणाऱ्याला तिथे कोणी लसीचं प्रमाणपत्र मागत नाही, मग कशाला घ्यायची? पण परत येताना आपलाच देश ते मागतो. पिवळ्या तापाच्या देशातून आलेल्या माणसाकडे ते नसेल, तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवलं जाऊ शकतं. लस टोचल्यापासून १० दिवसांनी प्रमाणपत्र ग्राह्य होतं. २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं, दर दहा वर्षांनी पुन्हा टोचायची गरज नाही. हे प्रमाणपत्र म्हणजे एक छोटं पिवळं पुस्तक, त्यावर पासपोर्टचा नंबर असतो. बाबांच्या पुस्तकावर त्यातला एक आकडा चुकला होता. मी टेबलावरच पासपोर्टशी ताडून पाहिला म्हणून तिथल्या तिथे दुरुस्त झाला. तुम्हीही तिथून हलण्याआधी पाहून घ्या.

ही जिवंत विषाणूची लस आहे. नऊ महिन्यांखालच्या बाळाला ती देत नाहीत. गर्भवती, अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेले, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारे आणि साठीच्या पुढचे यांच्याबाबत डॉक्टरांनीच ठरवायचं असतं. बाबा अडुसष्ट वर्षांचे. आमच्या डॉक्टरांनी सगळे कागद पाहून होकार दिला, तेव्हाच आम्ही विमानाची तिकिटं काढली.

दुसरी गोष्ट मलेरिया. आपल्याला वाटतं, मलेरिया तर आपल्याकडेही असतो, त्यात काय एवढं! पण केनियात मुख्यतः फाल्सिपॅरम जातीचा मलेरिया आहे आणि तो फार लवकर जिवावर बेततो. नैरोबी उंचावर असल्याने तिथे धोका कमी, पण मारा आणि मोंबासा किनारा या दोन्हीकडे जाताना प्रतिबंधक गोळ्या घ्यायला सांगतात. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल असेल तर निघण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून परतल्यावर सात दिवसांपर्यंत रोज घ्यायची. डॉक्सिसायक्लिन असेल तर परतल्यावर चार आठवडे. घरी आलो, सुटलो असं म्हणून ती मध्येच सोडायची नाही. आणि परतल्यावर काही आठवड्यांनी जरी ताप आला, तरी त्याच दिवशी रक्त तपासायचं आणि डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगायचं, ‘केनियाला जाऊन आलोय.’

आता फुकेट. पिवळा ताप नाही. बँकॉक, पट्टाया, फुकेट या नेहमीच्या ठिकाणी मलेरियाच्या गोळ्याही लागत नाहीत, तो धोका सीमेलगतच्या जंगलांत आहे. डेंग्यू मात्र आहे. त्याला गोळी नाही आणि त्याचा डास दिवसा चावतो. म्हणून सकाळीच आधी सनस्क्रीन, त्यावर डासांचं मलम.

पण फुकेटमध्ये मला जास्त भीती वाटते ती रस्त्याची. रस्ते अपघातांतल्या मृत्यूंमध्ये थायलंडचा नंबर जगात फार वरचा आहे आणि त्यात बहुतेक दुचाकीवाले असतात. हॉटेलसमोर स्कूटर भाड्याने मिळते, वाहतूकही आपल्यासारखी डावीकडून, त्यामुळे हात लगेच सरसावतो. आरटीओतून दुचाकीसाठीचा आंतरराष्ट्रीय परवाना काढला नसेल, हेल्मेट नसेल, तर बहुतेक प्रवास विमे अपघाताचा पैसा देत नाहीत. हे वाचल्यावर माझ्या नवऱ्याने स्कूटरचा विचारच सोडला, आम्ही टॅक्सीने फिरलो. मे ते ऑक्टोबर त्या किनाऱ्यावर समुद्र खवळलेला असतो. लाल झेंडा दिसला तर गुडघाभर पाण्यातही जायचं नाही, पोहता येत असलं तरी. अडचण आली तर पर्यटक पोलिसांचा नंबर ११५५.

माऱ्यात वाहनातून खाली उतरायचं नाही आणि अंधार पडल्यावर राखणदाराशिवाय तंबूबाहेर जायचं नाही, एवढं पाळलं की प्राण्यांचं भय फारसं उरत नाही. खरी अडचण दवाखान्याच्या अंतराची. म्हणून विम्यात विमानाने हलवण्याचा खर्च धरला आहे का, ते शब्द शोधून वाचा. नैरोबीची ‘आम्रेफ फ्लाइंग डॉक्टर्स’ ही संस्था १९५७ पासून हेच काम करते आहे. पर्यटकांना तिची थोड्या दिवसांची वर्गणीही घेता येते. रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर विम्याच्या अर्जात लपवू नका, दोन्ही देशांसाठी.

सामानाचं एक सांगते, कारण आमच्या घरात यावरून अर्धा दिवस गेला. आईने चकल्या, भडंग, मेतकूट सगळं नेहमीप्रमाणे कॅरीबॅगांत बांधून ठेवलं होतं. केनियात ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगांवर कडक बंदी आहे. शेवटी सगळं स्टीलच्या डब्यांत आणि जुन्या साड्यांच्या पिशव्यांत गेलं. माऱ्याला छोट्या विमानाने जाणार असाल तर माणशी साधारण १५ किलोच सामान चालतं, तेही मऊ बॅगेत. गडद निळे, काळे कपडे घरीच ठेवा, त्से-त्से नावाच्या चावऱ्या माशा त्या रंगांकडे येतात. आणि स्वेटर घ्या, माऱ्याची पहाट चांगलीच गार असते.

कागदपत्रांत फारसा फरक नाही. केनियाला २०२४ पासून ऑनलाइन प्रवास-परवानगी लागते. थायलंडला १ मे २०२५ पासून पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमन कार्ड भरायचं, ते फुकट आहे. दोन्ही सरकारी संकेतस्थळांवरच भरा. रोजच्या गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह.

आपल्या मे महिन्याच्या सुट्टीला दोन्ही ठिकाणं गैरसोयीची: केनियात मोठ्या पावसाचा शेवट, फुकेटला पावसाची सुरुवात. दिवाळी ऑक्टोबरात आली तर माऱ्यात स्थलांतर करणाऱ्या प्राण्यांचे कळप अजून दिसू शकतात. फुकेट डिसेंबर ते मार्च उत्तम.

हातात दीड महिना असेल आणि घरातल्या सगळ्यांना लस चालत असेल, तर मी बिनधास्त मारा सांगेन. तीन आठवडेच उरले असतील तर ओढाताण करू नका, फुकेटला जा. माझ्या धाकट्या बहिणीचं बाळ सात महिन्यांचं आहे. तिला मी फुकेटच सांगितलं, डिसेंबरातलं, आणि बाळासाठी पाळण्याची मच्छरदाणी इथूनच घेऊन जा म्हटलं.