'जॉर्ज बेस्ट' की 'सीमॉन्स्टर्स'?

इंग्लंडमधल्या लीड्सच्या 'द वेडिंग प्रेझेंट' या रॉक बँडचे चाहते या दोन अल्बमांवरून आजही हिरिरीने भांडतात. १९८७ चा 'जॉर्ज बेस्ट' हा पहिला. मुखपृष्ठावर तोच मँचेस्टर युनायटेडचा लाडका फुटबॉलपटू, आणि आत गिटारची अशी सुसाट घाई की वाजवणाऱ्याचा हात भरून येत कसा नाही याचं नवल वाटतं. बँडचा गायक-गीतकार डेव्हिड गेजचे शब्द साधे, बोलीतले. प्रेमभंगानंतर मनात चालू राहणारं भांडणच जणू. पहिल्यांदा ऐकणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी.

माझं मत मात्र १९९१ च्या 'सीमॉन्स्टर्स'ला. ध्वनिमुद्रक स्टीव्ह अल्बिनीसोबत अमेरिकेत मिनेसोटात ध्वनिमुद्रित झालेल्या या दहा गाण्यांची नावं एकेका शब्दाची. 'डॅलियन्स' ऐका: आवाज दबका, जवळजवळ कुजबुजता, आणि मग गिटारी अंगावर कोसळतात. मत्सर, अपमान, हाव, सगळं त्या आवाजातच आहे. पहिल्या अल्बमचा वेग इथे कमी झालाय, पण दुखणं खोल गेलंय. गेज सोडून बाकी वादक पुढे बदलत गेले, तरी ही गाणी मंचावर सुरू झाली की जुने चाहते शब्दन् शब्द सोबत गातात.