सुट्टीतले सहा आठवडे: कॉलेजची लॅब, पीएलसीचा क्लास की एमआयडीसी?

भाचा थर्ड इयर मेकॅनिकलला आहे. पेपर संपले त्याच संध्याकाळी त्याचा फोन आला. "मामा, कॉलेजात सुट्टीत मेकॅट्रॉनिक्स लॅबचा कोर्स आहे. मित्र म्हणतोय राजारामपुरीत पीएलसीचा क्लास लावू. आणि पप्पा म्हणतात मामाला सांगून कुठल्यातरी कंपनीत चिकट. काय करू?" मेकॅट्रॉनिक्स म्हणजे मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स आणि कंट्रोल एकत्र; पीएलसी म्हणजे मशीन चालवणारा कारखान्यातला छोटा कॉम्प्युटर. मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका मशीन शॉपच्या मेंटेनन्सला आहे. दर उन्हाळ्यात हाच प्रश्न घेऊन दोन-तीन पोरं येतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

आधी साधा हिशेब. लॅबमध्ये बॅच वीस जणांची, किट चार, प्रॅक्टिकल दोन तासांचं. म्हणजे एका किटवर पाच जण आणि प्रत्येकाच्या वाट्याला 24 मिनिटं. सेमिस्टरला दहा प्रॅक्टिकल धरली तर हाताला लागतात चार तास. तेही कागदावर, कारण पाचातला एक हुशार गडी वायरी हातात घेतो आणि उरलेले चौघे रीडिंग लिहितात. माझ्या वेळी मी त्या चौघांतला होतो. जर्नल मात्र माझं सगळ्यात देखणं होतं. तेव्हा सुट्टीतल्या कोर्सची चौकशी करताना किट कुठल्या कंपनीचं हे नंतर विचारा, एका किटवर किती जण बसणार ते आधी विचारा. दोन असतील तर कोर्स घेण्यासारखा. पाच असतील तर तीच 24 मिनिटं पुन्हा विकत घेताय.

लॅबला कमी लेखू नका मात्र. तिथे चुकायची मुभा असते, ती जगात दुसरीकडे कुठे फुकट मिळत नाही. पीआयडी कंट्रोलचं घ्या, म्हणजे वेग मोजत मोजत ठरलेल्या आकड्यावर आणून ठेवायची पद्धत. लॅबमधल्या मोटारीचा गेन (फरक दिसला की किती जोरानं दुरुस्त करायचं तो आकडा) मुद्दाम वाढवत नेला की मोटार ठरलेल्या वेगाच्या पुढे जाते, मागे येते, परत पुढे जाते, शेवटी थडथडायला लागते. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुस्तकातला ग्राफ समजावून सांगावा लागत नाही. आमच्याकडे चालू मशीनच्या गेनला पोरानं हात लावला, तर आधी सुपरवायझर ओरडेल आणि मग मी.

लॅबची खोट दुसरीकडे आहे. बहुतेक ट्रेनर किटमध्ये खरी वायरिंग पॅनेलच्या आत आधीच झालेली असते. वर रंगीत सॉकेट, त्यात रंगीत पॅच कॉर्ड खुपसायची, दिवा लागला, झालं प्रॅक्टिकल. सेन्सरची तपकिरी वायर प्लसला, निळी शून्याला आणि काळी सिग्नलला जाते, हे पोरांना तोंडपाठ असतं. पण सेन्सर पीएनपी (सिग्नलला प्लस देणारा) आहे आणि पीएलसीच्या इनपुटचा कॉमन, म्हणजे सामाईक वायर, एनपीएनसाठी (सिग्नलला शून्य देणाऱ्या सेन्सरसाठी) जोडलाय, तर सेन्सरवरचा दिवा लागतो आणि पीएलसीवरचा लागत नाही. हा पेच किटवर कधी येतच नाही. सरांना सांगून एक सुटा सेन्सर, एक सुटा पीएलसी आणि स्क्रू ड्रायव्हर मागून घ्या. देत असतील तर ती लॅब चांगली, किट जुनं असलं तरी.

आता आमच्याकडचा एक प्रसंग. गेल्या वर्षी ट्रेनिंगला आलेलं एक पोरगं हुशार होतं, लॅडर, म्हणजे पीएलसीचा प्रोग्रॅम, फटाफट लिहायचं. एक मशीन सायकलच्या मध्येच थांबलं. क्लॅम्प उघडला होता, पण पीएलसीला तो बंदच दिसत होता. पोरगं लॅपटॉप उघडून बसलं, प्रोग्रॅम वरून खाली दोनदा वाचला, मग म्हणालं, सेन्सर गेलाय, बदलू. आमचा फिटर उठला, खिशातलं फडकं काढलं आणि सेन्सरचं तोंड पुसलं. मशीन चालू. सेन्सर होता इंडक्टिव्ह, म्हणजे धातू जवळ आला की ऑन होणारा. त्याच्या तोंडावर कूलंटमध्ये कालवलेला लोखंडाचा कीस चिकटला होता आणि सेन्सर इमानदारीनं सांगत होता की समोर लोखंड आहे. सेन्सर बरोबर, प्रोग्रॅमही बरोबर, तरी मशीन बंद. लॅबमध्ये कीस नसतो.

मेकॅट्रॉनिक्स हा शब्दही कॉलेजात जन्मलेला नाही. 1969 मध्ये जपानच्या यास्कावा या मोटारी बनवणाऱ्या कंपनीतल्या तेत्सुरो मोरी या इंजिनिअरनं तो जुळवला. मशीनला मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकल अशी डिपार्टमेंटं माहीत नसतात, हे शॉपवर पहिल्या आठवड्यात कळतं.

पण कंपनीची दुसरी बाजूही ऐका. सहा आठवडे, रोज आठ तास, आठवड्याला सहा दिवस म्हणजे 288 तास. ऐकायला भारी. त्यातला बहुतेक वेळ तुम्ही उभे असता. आणि प्रॉडक्शनला टाकलं, तर सहा आठवडे तयार झालेले जॉब (पार्ट) मोजाल आणि सर्टिफिकेट घेऊन घरी जाल. जाण्याआधी एवढं पक्कं करा: मेंटेनन्सलाच बसवणार का? 'बघू' असं उत्तर आलं तर ते नाही समजा.

शिवाय ताकदीचा फरक. लॅबमधला 20 मिलिमीटर बोअरचा (आतल्या व्यासाचा) सिलेंडर सहा बार हवेवर साधारण 19 किलोचा जोर लावतो. बोट सापडलं तर ओरडाल. मशीनवरचा 63 मिलिमीटरचा त्याच हवेवर 190 किलोच्या आसपास जातो. बोअर तिप्पट आणि जोर दहापट, कारण जोर क्षेत्रफळावर ठरतो. हवा बंद केली तरी सिलेंडरात ती कधीकधी कोंडून राहते. पॉवर काढली तरी मोटार चालवणाऱ्या ड्राइव्हच्या कपॅसिटरमध्ये चार्ज असतो, झाकण उघडण्याआधी पाच-दहा मिनिटं थांबावं लागतं. हे ज्या कंपनीत पहिल्या दिवशी सांगत नाहीत, तिथून दुसऱ्या दिवशी घरी या.

कुठली कंपनी, यातही निवड आहे आणि त्याकडे पोरं बघतच नाहीत. फाउंड्रीत किंवा मशीन शॉपमध्ये यंत्रं चालू दिसतात, पण उघडलेली क्वचितच. साखर कारखान्यात उलटं. उन्हाळ्यात गाळप संपलेलं असतं आणि पुढच्या हंगामाच्या तयारीसाठी सगळं खोललेलं असतं. तुमची सुट्टी नेमकी तेव्हाच. कंट्रोल व्हॉल्व्हचं पोट उघडं बघायला मिळतं. 4 ते 20 मिलिअँपिअर सिग्नल शून्यावरून का सुरू होत नाही, तेही ट्रान्समीटर (दाब, तापमान मोजून तो सिग्नल पाठवणारं उपकरण) तपासताना समजतं: वायर तुटली तर शून्य येतं, आणि ते खऱ्या 'काहीच नाही'पासून वेगळं ओळखता आलं पाहिजे. इचलकरंजीकडचे असाल तर एअरजेट माग बघा. हवेच्या फुंकरीवर धागा पलीकडे जातो, नोझलचे व्हॉल्व्ह एकापाठोपाठ एक उघडतात आणि धागा पोचला नाही तर सेन्सर माग थांबवतो. अख्खा सिलॅबस एका फ्रेमवर उभा आहे.

शहरातल्या क्लासबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. लॅडर शिकायला बरा. पण बराच वेळ सिम्युलेटरवर जाणार असेल, तर ते घरच्या लॅपटॉपवरही होतं. फी भरण्याआधी एक तास बसून बघा, पोरांच्या हातात माउस जास्त आहे की वायर.

घरी अर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) घेऊन बसणं हा चौथा मार्ग. स्वस्त, आणि चूक फक्त तुमच्या खिशाला लागते. मात्र अर्डुइनो उनोची पिन पाच व्होल्टची. कारखान्यातला 24 व्होल्टचा सेन्सर थेट जोडलात तर बोर्डाची राखरांगोळी.

भाच्याला मी विचारलं, लॅबमध्ये एका किटवर किती? म्हणाला, "या वेळी तिघं." मग म्हटलं, तीन आठवडे लॅब कर, पाहिजे तेवढं चूक, फ्यूज उडव. उरलेले तीन आठवडे एका मित्राच्या शॉपवर मेंटेनन्सला लावतो. पगार मिळणार नाही. सेफ्टी शूज स्वतःचे आण आणि खिशात एक फडकं ठेव.