होमस्टेड पार्क, बिॲट्रिस (नेब्रास्का): सोबत एक जाणता म्हातारा न्या

मुलाकडे लिंकनला (अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याची राजधानी) सहा महिन्यांसाठी आले आहे. वय सहासष्ट. अमरावती जिल्ह्यात एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांवर मास्तरकी केली, त्यातली नऊ वर्षं एकशिक्षकी शाळेत. हे सांगते, कारण संग्रहालय बघायला गेले तरी माझी नजर आधी फळा, खिडक्या आणि पाण्याची सोय यांवरच जाते.

होमस्टेड नॅशनल हिस्टॉरिकल पार्क लिंकनहून दक्षिणेला गाडीने तासाभराच्या आत. गावाचं नाव इथले लोक 'बि-ॲ-ट्रिस' असं मधल्या अक्षरावर जोर देऊन म्हणतात. प्रवेश फुकट.

आम्ही शेजारच्या बाबाजींना सोबत नेलं. नात त्यांना ग्रँपा म्हणते, मी बाबाजी. वय चौऱ्याऐंशी. जन्म नेब्रास्काच्या सँडहिल्स या रेताड टेकड्यांच्या भागातला, आजोबांनी सरकारकडून मिळवलेल्या जमिनीवरचा. पुढे रेल्वेत नोकरी, चार मुलं, सात नातवंडं. मला इंग्रजी कळतं पण बोलताना अडखळते, त्यामुळे मधे नात दुभाषी.

१८६२ मध्ये राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकनने होमस्टेड कायद्यावर सही केली. १८ डॉलर फी भरायची, १६० एकर घ्यायची, पाच वर्षं तिथे राहून घर बांधायचं, जमीन कसायची, की सातबारा आपल्या नावावर. (सातबारा हा माझा शब्द, पण अर्थ तोच.) अविवाहित बाईला आणि विधवेलासुद्धा अर्ज करता यायचा, हे वाचून मी थबकलेच. आमच्याकडे बाईचं नाव उताऱ्यावर चढवायला अजून भाऊ तोंड वाकडं करतात. १ जानेवारी १८६३ ला कायदा लागू झाला आणि अगदी पहिल्या अर्जदारांत डॅनियल फ्रीमन होता. त्याने मध्यरात्र उलटताच कचेरी उघडायला लावली, असं सांगतात. हे पार्क त्याच्याच जमिनीवर आहे.

मुख्य इमारतीचं छप्पर नांगर जमिनीत घुसून माती उलटवतोय अशा आकाराचं आहे. मुलगा म्हणाला, "आर्किटेक्चर." मी म्हटलं, "फाळ." वाहनतळ बरोबर एक एकराचा ठेवलाय, म्हणजे शहरी माणसाला एकर म्हणजे काय ते कळावं. त्यात उभी राहून मी मनात एकशे साठने गुणलं. आमचं पाच एकर कोरडवाहू, त्याचेही तीन वाटे, आणि एका धुऱ्यावरून दोन काकांचं पंधरा वर्षं बोलणं बंद.

दाराकडे जाताना लोखंडी पत्र्यांची रांग लागते. तीस राज्यांचे तीस पत्रे, आणि ज्या राज्यातली जितकी जमीन अशी वाटली गेली तितका चौकोन पत्र्यात कापलेला. नेब्रास्काचा पत्रा जवळजवळ अर्धा पोकळ, ४५ टक्के. हे मला फार आवडलं. आकडा असा डोळ्यांना दाखवावा, मी असते तर पाचवीच्या मुलांना पुठ्ठ्यावर हेच करायला लावलं असतं. एकूण २७ कोटी एकर वाटली गेली. ती रिकामी नव्हती. याच परिसरातल्या ओटो-मिझुरिया या आदिवासी लोकांना १८८१ मध्ये आत्ताच्या ओक्लाहोमात जावं लागलं. मी मेळघाटात नोकरी केली आहे, उठवलेल्या गावांची मुलं शिकवली आहेत. तिथे जरा जास्त वेळ उभी राहिले.

आतलं प्रदर्शन नीटनेटकं आहे, पण खरं सांगू, काचेमागच्या संसाराला वास नसतो. आमच्यासाठी तो वास बाबाजींनी आणला. ते म्हणाले, सँडहिल्सच्या रेतीत १६० एकरात काही भागत नाही, म्हणून १९०४ मध्ये किंकेड नावाच्या खासदाराने वेगळा कायदा आणून ६४० एकर द्यायला लावले. त्यांचे आजोबा तेव्हाचे. झाडं नाहीत, म्हणून गवताच्या मुळांसकट मातीच्या विटा कापून घर. पाऊस बाहेर एक दिवस, आत तीन दिवस. छताखाली कापड ताणून बांधायचं, नाहीतर ताटात माती पडायची, कधी साप.

मी विचारलं, लाकूड नाही तर चूल कशावर?

ते हसले. वाळलेलं शेण, म्हणाले. लहानपणी पोतं घेऊन कुरणात वेचायला तेच जायचे. नातीने नाक मुरडलं. मी म्हटलं, आम्ही तर थापायचो. मग आम्हा दोघांचं गवऱ्यांवर जे सुरू झालं, ते दुभाष्याशिवायच अर्धं कळत होतं.

१९४९ च्या बर्फवादळात ते आठ वर्षांचे होते. वडिलांनी घरापासून गोठ्यापर्यंत दोर बांधला होता, तो धरून जायचं. सोडला की माणूस गेला. गुरांसाठी विमानातून गवत टाकलं गेलं. पुढे दोन वर्षांनी वीज आली, तर वडिलांनी पहिला दिवा गोठ्यात लावला. आई दोन दिवस बोलली नाही. त्यावर बाबाजी म्हणाले, "मी लिंकनला घर घेतलं, तेव्हा आधी स्वयंपाकघरात दोन दिवे लावले. बायकोने विचारलं, दोन कशाला? म्हटलं, एक आईचा."

बाहेर पामर-एपर्ड केबिन जरूर बघा. १८६७ ची, चौदा बाय सोळा फूट. त्यात पामर नवरा-बायको दहा मुलांसह राहिले. नातीने विचारलं, सगळे झोपायचे कुठे? बाबाजी म्हणाले, "थंडीत असा प्रश्न पडत नाही." स्वतः मात्र दारातून मागे फिरले, जरा वेळ बोलले नाहीत.

थोड्या अंतरावर विटांची एकखोली शाळा आहे, १८७२ ते १९६७ चाललेली. एकच मास्तरीण, सगळे वर्ग. मला तिथल्या बाकांवरून हात फिरवावासा वाटला. गंमत म्हणजे, याच शाळेत बाई बायबल वाचून घेतात म्हणून फ्रीमन कोर्टात गेला आणि १९०२ मध्ये नेब्रास्काच्या सर्वोच्च न्यायालयात जिंकला. पालक तेव्हाही असेच होते तर.

मागे शंभरेक एकर गवताळ रान आहे, १९३९ पासून पुन्हा वाढवलेलं. उन्हाळा संपताना गवत डोक्याच्या वर जातं. पायवाट सपाट आहे, गुडघे दुखणाऱ्यांना जमेल. पण पूर्ण बाह्यांचे कपडे घाला आणि घरी आल्यावर गोचीड तपासा. टोपी हनुवटीखाली बांधा, वारा सोडत नाही. अडीच-तीन तास हातात ठेवा. लहान मुलांना आतल्या फलकांपेक्षा केबिन आणि शाळा जास्त आवडतील.

पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो त्या काचेपायी.

जेवायला आम्ही ज्वारीच्या दशम्या आणि लसणाची चटणी बांधून नेली होती. बाबाजींनी चटणी जपून आणि दशमी मनापासून खाल्ली. कशावर भाजली, त्यांनी विचारलं. नातीने सांगितलं, गॅसवर. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली आणि गोठ्यातल्या माणसासारखी दोन्ही हातांनी थापायची खूण केली.