बारा वर्षांचा लॅपटॉप आणि त्याची मोडणारी झोप: सात महिन्यांच्या वापरानंतर

माझा लॅपटॉप २०१४ सालचा, चौथ्या पिढीच्या आय-५ प्रोसेसरचा आहे. सांगलीच्या मार्केट यार्डात मी अडत दुकानाचे हिशेब लिहितो. हळदीच्या हंगामात सौदा संपला की शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची पावती, करायची, झाकण मिटायचे आणि पुढच्या पट्टीला पुन्हा उघडायचे, असे दिवसातून वीस-पंचवीस वेळा होते. त्यामुळे झाकण मिटताच यंत्राने झोपावे, म्हणजे पूर्ण बंद न होता स्लीपमध्ये जावे, आणि उघडताच अर्धवट पट्टी जशीच्या तशी समोर यावी, एवढी एकच सोय मी बाकी सगळ्या गुणांपेक्षा मोठी मानतो.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा आधार संपला आणि विंडोज ११ या प्रोसेसरवर अधिकृतपणे चालत नाही, म्हणून मी विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही मोफत कार्यप्रणाली घातली. वेग उत्तम मिळाला. मात्र पुढच्याच महिन्यात साताऱ्याला लेकीकडे निघालो, तेव्हा एसटी आष्ट्याला पोहोचेपर्यंत मांडीवरची पिशवी तापली होती आणि कराडला लॅपटॉप उघडून पाहिला, तर निघताना ऐंशी टक्के असलेली बॅटरी एकवीसवर आली होती. बंद पिशवीत, वारा न लागता यंत्र असे चालत राहणे धोक्याचे आहे, आणि त्या दिवसापासून दुसरे काही सुचेनासे झाले.

परतल्यावर एका दुरुस्तीच्या दुकानात दाखवले. तेथील मुलाने दहा मिनिटांत, ‘काका, बोर्डच गेलाय, साडेसात हजार लागतील, त्यापेक्षा नवीनच घ्या,’ असे सांगितले. एकही तपासणी न करता दिलेल्या या निदानाचा मला अजूनही राग आहे, कारण कोणत्या वेळी झोप लागली आणि कोणत्या वेळी मोडली, याची नोंद यंत्र स्वतःच ठेवत असते आणि ती वाचायला एक पैसाही लागत नाही. भाच्याच्या मदतीने मी ती वाचली. सांगली ते आष्टा एवढ्या प्रवासात लॅपटॉप चौदा वेळा झोपला होता आणि चौदा वेळा जागा झाला होता.

अशा वेळी सर्रास दिला जाणारा सल्ला म्हणजे झोपेचा प्रकार बदला. उथळ झोपेत प्रोसेसर पूर्ण बंद होत नाही. खोल झोपेत मुख्यतः रॅमपुरता वीजपुरवठा चालू राहतो आणि बाकीचे जवळजवळ सगळे बंद होते. माझ्या यंत्रावर आधीपासून खोल झोपच निवडलेली होती, त्यामुळे त्या सल्ल्यामागे घालवलेल्या दोन संध्याकाळी वाया गेल्या.

खरे कारण अपघाताने सापडले. एकदा बिनतारी माउसचा रिसीव्हर दुकानात राहिला आणि त्या रात्री लॅपटॉप सकाळपर्यंत शांत झोपला. पिशवीतला माउस हिंदकळला की रिसीव्हर यूएसबीमार्गे यंत्राला उठवत होता. कोणाला उठवण्याची मुभा आहे, याची यादी लिनक्समध्ये असते. तिच्यात यूएसबी नियंत्रकाचे, म्हणजे एक्सएचसीचे, नाव चालू दिसले. ते बंद करणारी आज्ञेची एक ओळ मी, यंत्र झोपण्यापूर्वी दर वेळी आपोआप चालेल अशी, घातली आणि प्रश्न सुटला, असे मानून वरचा मजकूर लिहिला.

त्यानंतर दीड महिना गेला आहे आणि ते मत बदलावे लागत आहे. झोप एकाआड एक लागत होती: एकदा नीट, पुढच्या वेळी मोडलेली. त्या यादीत नाव लिहिणे म्हणजे बंद करणे नव्हे, तर उलटवणे होय. एकदा लिहिले की बंद आणि पुन्हा तेच लिहिले की चालू. माझी ओळ दर झोपेला मुभा फिरवत होती. प्रत्येक उपकरणाची जागवण्याची स्वतंत्र फाइलही असते आणि तिच्यात ‘डिसेबल्ड’ असा शब्द कितीही वेळा लिहिला, तरी अर्थ बदलत नाही. यंत्र सुरू होताना एक्सएचसीच्या त्या फाइलमध्ये हा शब्द एकदा लिहिला जाईल, अशी व्यवस्था केली, कारण रीस्टार्टनंतर ही निवड टिकत नाही. मार्चपासून एकदाही झोप मोडलेली नाही. रात्रभरात बॅटरी पाच-सहा टक्के उतरते, आणि एवढ्या जुन्या यंत्राला ते मला मान्य आहे.

रिसीव्हर रोज काढून ठेवणे हा सोपा उपाय होताच. पण माझ्या माउसचा रिसीव्हर हरवला, तर सुटा मिळत नाही आणि तेवढ्यासाठी नवा माउस घेण्याची माझी तयारी नाही. आता माउस हलवून लॅपटॉप उठत नाही, झाकणच उघडावे लागते, आणि माझे काम तसेच असल्याने त्याची अडचण होत नाही. कधीकधी जाग आल्यावर वायफाय परत जोडले जात नाही आणि ते हाताने बंद करून पुन्हा चालू करावे लागते. त्याचे कारण अजून सापडलेले नाही, पण पट्टी लिहायला इंटरनेट लागत नाही, म्हणून ते काम हंगाम संपेपर्यंत मागे ठेवले आहे.